कोल्हापूर महापालिकेची हवामान सर्व्हिस: घरफाळा भरणाऱ्या गिऱ्हाईकाचा रिव्ह्यू

पहिल्यांदा स्टार सांगून टाकतो म्हणजे ज्यांना लांबण आवडत नाही ते इथंच सुटले. पाचपैकी अडीच. त्यातला एक पूर्ण स्टार अशा कामाला आहे ज्याला हवामानाचं काम असं कुणी म्हणतच नाही. आता इस्कटून सांगतो.

रिव्ह्यू कशाचा, तर हवामान बदलतंय म्हणून शहर वाचवायला महापालिका जे काय करते, पूर, सांडपाणी, बस, धूळ, दिवे, त्या सगळ्या सर्व्हिसचा आणि त्याला पैसे कुठनं येतात त्याचा. माझं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान आहे. २०१९ ला पाणी आत, २०२१ ला परत आत, सिमेंटची पोती जाग्यावर दगड झालेली आणि पेंटचे डबे तरंगत शटरपर्यंत आलेले. त्यामुळं मी या सर्व्हिसचं गिऱ्हाईक आहे हे कुणाला वेगळं सांगायला नको, घरफाळा पण भरतो, पाणीपट्टी पण भरतो, जूनच्या आत भरून सवलत पण घेतो. तज्ज्ञ बिज्ज्ञ नाही मी. पण दुकानात एवढं शिकलोय की कुठलंही मशीन घेताना दोन आकडे विचारायचे, घ्यायला किती आणि चालवायला किती, आणि गिऱ्हाईक बुडतं ते कायम दुसऱ्या आकड्यात.

हाच सगळा घोळ आहे.

महापालिकेचा स्वतःचा खिसा बघा आधी. पूर्वी जकात होती, नाक्यावर ट्रक थांबला की पैसे, रोजचा गल्ला. जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून राज्य सरकार दर महिन्याला नुकसानभरपाईचं अनुदान देतं, त्यात वर्षाला आठ टक्के वाढ. म्हणजे शहराचा मोठा पैसा आता मुंबईहून येतो. हातात उरलं काय तर घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे पैसे आणि मनपाच्या गाळ्यांची भाडी. आणि शहर केवढं, तर ६७ चौरस किलोमीटरच्या आत. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढ हद्दवाढ म्हणून आपण नुसतं ओरडतोय, आजूबाजूची गावं शहरासारखीच वाढली, त्यांची माणसं रोज शहरात येतात, केएमटीनं म्हणजे महापालिकेच्या बसनं फिरतात, पण तिथला फाळा ग्रामपंचायतीला. त्यांच्या बाजूनं पण मुद्दा आहे म्हणा, शहराची ही सर्व्हिस बघून कोण राजीखुशीनं आत येईल?

तर असल्या खिशातनं हवामानासाठी वेगळे पैसे काढायचे म्हणजे अवघडच. म्हणून होतं काय की योजना येतात. केंद्राची पाणी-सांडपाण्याची अमृत २.० असो नाहीतर स्वच्छ भारत २.०, आपल्या आकाराच्या शहराला, म्हणजे एक ते दहा लाख वस्तीच्या, केंद्र साधारण एक तृतीयांश देतं, बाकीचं राज्य आणि महापालिका. महापालिकेच्या वाट्याला स्वहिस्सा म्हणतात. हा स्वहिस्सा उभा करताना जीव जातो, मग कर्ज काढा, नाहीतर दुसऱ्या हेडचा पैसा वळवा. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान पण असंच बांधलेलं, आपल्यासारख्या शहराला त्यातले ६० टक्के आधीच ठरलेल्या कामाला, अर्धे स्वच्छतेला आणि अर्धे पाण्याला, उरलेले ४० मोकळे. त्यात आपल्याकडं नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच. नगरसेवक असले म्हणजे स्वर्ग असतो असं नाही, पण वॉर्डातला नाला तुंबला तर ज्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनवायचे तो माणूस तरी असतो.

आता तो एक पूर्ण स्टार. थेट पाईपलाईन.

व्हय, तीच, जिच्यावर आपण दहा वर्षं जोक मारले. काळम्मावाडी धरणातनं ५३ किलोमीटर पाईप टाकून पुईखडीला पाणी आणायचं, जवळपास पाचशे कोटींच्या घरातलं काम, २०१४ ला सुरू झालं आणि पाणी आलं २०२३ च्या दिवाळीला. उशीर म्हणजे नाद खुळा उशीर. पण २०१९ आठवा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली, इशारा पातळी ३९ आणि धोक्याची ४३, त्याच्या किती वर बघा. आणि शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं पाण्याखाली. म्हणजे शहराच्या चारी बाजूला पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. टँकरमागं घागरी घेऊन पळणारी माणसं, पुराच्या पाण्यात उभी राहून. २०२१ ला परत तोच सीन. नदीकाठच्या पंपावर अख्ख्या शहराचं पिण्याचं पाणी टांगून ठेवलं की असंच होणार. धरणातनं थेट पाणी आलं की निदान ती एक गाठ सुटते. हे काम कुणी हवामानाच्या नावावर केलं नाही, प्रदूषित पाणी नको म्हणून केलं, पण पुराचा विचार केला तर शहरानं गेल्या दोन-तीन दशकांत यापेक्षा कामाची गोष्ट मला तरी दिसत नाही. पण चालवायला किती हा प्रश्न इथं पण सुटत नाही. तिकडचे पंप विजेवर चालतात आणि विजेचं बिल दर महिन्याला येतं, त्याला केंद्राची योजना नाही. ते पाणीपट्टीतनं.

तसंच सांडपाण्याचं. जयंती नाला म्हणजे शहराच्या पोटातनं जाणारी जुनी नदीच, कात्यायनीच्या डोंगराकडनं येते. तिच्यावर बंधारा घालून सांडपाणी पंपानं उचलायचं आणि कसबा बावड्याच्या केंद्रात न्यायचं, ७६ एमएलडीचं केंद्र, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर. दुधाळीला अजून एक आहे, १७ एमएलडी. केंद्र बांधायला राष्ट्रीय नदी योजनेचा पैसा मिळाला. पण पंप रात्रंदिवस चालवायचे, वीज भरायची, माणूस ठेवायचा, हे सगळं महापालिकेच्या गळ्यात. पाऊस लागला की नाला बंधाऱ्यावरनं ओसंडून सरळ पंचगंगेत. पूर आला की उपसा केंद्रच पाण्यात, मग पंप बंद. म्हणजे ज्या दिवशी मशीनची खरी गरज त्याच दिवशी मशीन झोपतं. खालच्या अंगाला इचलकरंजी, शिरोळ, त्यांनी काय प्यायचं? पंचगंगेच्या प्रदूषणाचं प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा कुठं हालचाल झाली, हे आपल्याकडचं ठरलेलंच, कोर्टानं कान पिळला की निधी सापडतो.

नालेसफाईबद्दल एकच सांगतो, माझ्या डोळ्यासमोरचं आहे. मे महिन्यात पोकलॅन आलं, दिवसभर गाळ काढला, काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. गाळ ठेवला नाल्याच्या काठावर, वाळायला म्हणे. प्लास्टिक, गाद्या, नारळाच्या शेंड्या, एक पूर्ण कुकर होता त्यात झाकणासकट. ज्या ठेकेदाराचं काम होतं त्याच्या माणसाला विचारलं, दादा हे उचलणार कधी, तर म्हणाला काढायचं टेंडर आमचं, उचलायचं दुसऱ्याचं. वळीव आला आणि सगळा माल परत आपल्या जाग्यावर. पैसे दोन्हीकडं खर्ची पडले असणार.

आता जरा चांगलं बोलू. ई-बस.

पीएम ई-बस सेवा ही केंद्राची योजना ऑगस्ट २०२३ ची, देशभरात १० हजार बस, त्यात कोल्हापूरला १०० मंजूर. मला यातलं जे आवडलं ते बस एसी आहे बिसी आहे ते नाही, पैसे द्यायची पद्धत आवडली. बस विकत घ्यायला पैसे देत नाहीत. बस कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, महापालिका किलोमीटरमागं ठरलेला दर देणार आणि त्यातला वाटा केंद्र उचलणार, १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागं २४ रुपये, ९ मीटरला २२, लहान ७ मीटरला २०, आणि हे दहा वर्षं. म्हणजे समजा ९ मीटरची एक बस दिवसाला २०० किलोमीटर पळाली तर ४,४०० रुपये केंद्राकडनं, आणि नाही पळाली तर शून्य. बघा की, एवढ्या सगळ्या योजनांत ही एक अशी आहे जी चालवायला पैसे देते. जुन्या पद्धतीत फीत कापून बस आणायची, फोटो काढायचा, आणि चार वर्षांनी टायर नाही म्हणून डेपोत उभी करायची, हे केएमटीचं आपण बघितलंय. केएमटी तोट्यात, पगाराला महापालिकेच्या तिजोरीतनं पैसे.

मग स्टार का कापला, तर मंजुरी आणि गाडी रस्त्यावर येणं यात वर्षं गेली. आधी डेपोचं काम, मग चार्जिंगसाठी वीज लाईन, मग गाड्या कधी येणार त्याची नुसती तारीख. केंद्राचा वाटा सोडून दराचं जे उरतं ते तिकिटातनं निघालं नाही तर परत महापालिकेनंच द्यायचं, म्हणजे बसमध्ये माणसं बसली पाहिजेत. त्यासाठी बस दहा मिनिटाला एक पाहिजे. ताराराणी चौकात अर्धा तास उभं राहून वडापनं जाणारा माणूस ई-बस आली म्हणून थांबणार नाही, वेळेवर आली तरच थांबणार.

हवेच्या पैशाचं वेगळंच आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितलं तर विश्वास बसत नाही, म्हणतो तुमच्याकडं तर सह्याद्रीची हवा. पण दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी उभं राहून बघा. शिवाजी विद्यापीठ, महाद्वार रोड आणि दाभोळकर कॉर्नर इथं हवा मोजतात. पीएम १० म्हणजे हवेतली बारीक धूळ, तिची वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, ती ओलांडतो म्हणून यादीत. यादीत आलं की निधी मिळतो, आणि निधी मुख्यतः धुळीवर जातो. आपल्याकडंच असं नाही, सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०२४ ला हिशोब मांडला तर देशभर या कार्यक्रमाचा ६४ टक्के खर्च रस्त्याच्या धुळीवर आणि गाड्यांच्या धुरावर तेराएक टक्के. रस्ते झाडायचं यंत्र, पाण्याचे फवारे, चौकात कारंजं. कारंज्यानं हवामान वाचतं का? धूळ बसते थोडी, लाईटवर सेल्फी चांगला येतो. आणि मूळ धूळ कशाची, तर रस्ता उकरायचा, पाईप टाकायची आणि खड्डा मुरूमावर सोडून द्यायचा. त्यावर डांबर टाकलं तर फवारा कशाला लागतोय.

रस्त्यावरचे एलईडी दिवे ही आयडिया कागदावर एकदम भारी. महापालिकेनं आधी काही घालायचं नाही, कंपनी दिवे बसवणार, वीजबिलात जी बचत होईल त्यातनं साधारण सात वर्षांत कंपनीचे पैसे फेडायचे. केंद्राचा पथदिव्यांचा कार्यक्रम २०१५ पासनं याच तत्त्वावर आहे. म्हणजे आज बचत, उद्या पेमेंट. फक्त दिवा गेला की बदलायचा कुणी यावर करार किती घट्ट आहे ते बघायला लागतं. आमच्या गल्लीच्या तोंडाचा दिवा गेला तेव्हा एका कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावला, तिकडची बाई हिंदीत विचारते खंबा नंबर क्या है. खांबावर नंबर होता, पण त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

झाडं, राज्याच्या 'माझी वसुंधरा' पर्यावरण अभियानाची प्रतिज्ञा, भूमी वायू जल अग्नी आकाश, हे सगळं ठीक आहे, बक्षीस मिळालं तर महापालिकेला चार पैसे मिळतात, पुढं चला. २०२१ ला राज्यातली ४३ अमृत शहरं 'रेस टू झिरो' मध्ये, म्हणजे कार्बन शून्यावर आणायच्या जागतिक मोहिमेत पण उतरली, आपण अमृत शहर, म्हणजे कागदावर कोल्हापूर पण पळतंय. दुकानात एक पेन्शनर गिऱ्हाईक आहेत, त्यांनी हे पेपरात वाचलं आणि मला विचारलं, "आप्पा, ह्या शर्यतीचा अर्ज वॉर्ड ऑफिसला मिळतो का?" मी म्हटलं काका, अर्ज भरून झालाय, आपण आता फक्त टाळ्या वाजवायच्या.

गंमत सोडा, पुराचं बोलतो, कारण खरी सर्व्हिस तीच.

पूर येऊन गेल्यावर पैसे लगेच मिळतात. २०१९ ला शहरातल्या पूरग्रस्त घराला १५ हजारांचं सानुग्रह अनुदान होतं. पूर येऊ नये किंवा आला तर कमी लागावं यासाठी मात्र फारसा पैसा मिळत नाही. हे नुसतं आपल्याकडच्या आळसानं नाही, नियमच तसा आहे. वित्त आयोगानं राज्यांना आपत्तीचे जे पैसे ठरवून दिले त्यात ८० टक्के आपत्ती आल्यावरच्या बाजूला आणि २० टक्के आधीच्या उपायांना. ते २० तरी आले हे नवीनच आहे म्हणा, आधी तेवढंही वेगळं नव्हतं. आता जागतिक बँकेच्या कर्जातनं तीन हजार कोटींच्या वरचा कार्यक्रम कृष्णा खोऱ्यासाठी ठरलाय, कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी, राज्याचा पण हिस्सा आहे त्यात. चांगलं आहे. पण कर्ज राज्याचं, निर्णय मुंबईत, आणि महापालिका त्यात आपल्या नाल्यांचे प्रस्ताव घेऊन लाईनीत उभी.

आणि ज्याला दमडी लागत नाही ते काम कुठं झालं? २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली, २०२० ला अहवाल आला, त्यात पाऊस तर होताच पण नदीच्या पात्रातली, पूरक्षेत्रातली अतिक्रमणं पण सांगितली. आपण सगळा राग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर काढून मोकळे झालो. अलमट्टीची उंची वाढवू नका ही मागणी बरोबरच आहे, मी पण मोर्चात होतो, पण पंचगंगेच्या काठाला भराव टाकून प्लॉट पाडले ते कर्नाटक सरकारनं पाडले का? नकाशावर पूररेषा असतात, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, त्याच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येणारा, त्याच्या आत अटी घालून. आता शंभर वर्षांतला पूर दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा आल्यासारखं झालंय आपल्याकडं, तर रेषा परत मोजायला नकोत का. परवानगी नाकारायला निधी लागत नाही. उलट बांधकाम परवानगीतनं महापालिकेला उत्पन्न मिळतं, आणि तिथंच मेख आहे, शहर ज्या पैशावर चालतं त्यातला एक भाग पुराच्या वाटेत घरं बांधायला परवानगी देऊन येतो.

एक फुकटची सर्व्हिस मात्र काटा किर्र, तिला पाच स्टार, पण ती महापालिकेची नाही, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची. पावसाळ्यात मोबाईलवर येणारा मेसेज, राजाराम बंधारा एवढे फूट एवढे इंच, एवढे बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे एवढे स्वयंचलित दरवाजे उघडे. त्या एका मेसेजवर अख्खी शाहूपुरी माल वर चढवायचा का नाही ते ठरवते. ३९ ला आम्ही खालच्या फळ्या मोकळ्या करतो, ४३ ला टेम्पो सांगतो.

बाकीची शहरं काय करतात ते पण बघितलं, तुलना केल्याशिवाय रिव्ह्यू कसला. मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ ला वातावरण कृती आराखडा काढला आणि २०२४-२५ पासून क्लायमेट बजेट, म्हणजे अंदाजपत्रकातलं कुठलं काम हवामानाचं ते वेगळं काढून दाखवायचं. ओस्लोनं हे २०१७ पासून केलंय. मुंबईकडं ठेवी आहेत, आपल्याकडं नाहीत, पण वेगळं काढून दाखवायला ठेवी कशाला लागतात, एक हुशार अकाऊंटंट पुरतो. पिंपरी-चिंचवडनं २०२५ ला २०० कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे काढले. आणि इंदूरचं तर मला मनापासून पटलं. त्यांनी २०२३ ला २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, सामान्य माणसाला पण घेता येतील असे, कशासाठी, तर नर्मदेचं पाणी उपसणाऱ्या पंपांना जलूदला सोलर प्लांट बांधायला. म्हणजे कर्ज काढलं ते दर महिन्याचं बिल कमी करायला. आपल्याकडं पण लांबनं पाणी उपसायचे पंप आहेत, सांडपाण्याचे पंप आहेत, वीजबिलाचं ओझं आहे. काळम्मावाडीच्या आणि बावड्याच्या पंपांपुरतं सोलर असं कुणी मांडलं तर मी बाँड घेईन, आमच्या गल्लीतले चार व्यापारी घेतील. टोल घालवलेलं गाव आहे हे, खासगी कंपनीच्या नाक्यावर पैसे द्यायला आम्ही नाही म्हणालो आणि २०१५-१६ ला टोल रद्द करून घेतला, पण स्वतःच्या शहराला व्याजानं पैसे द्यायला नाही म्हणालोय असं काही नाही. कुणी विचारलंच नाही. त्यासाठी आधी थकबाकी वसूल करून, हिशोब साफ करून कर्ज फेडण्याच्या पतीचं रेटिंग मिळवावं लागेल आणि खरा घाम तिथंच निघणार.

आता कामाचं एक सांगून थांबतो. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी सूचना द्यायच्या असतील तर झाडं लावा, सायकल ट्रॅक करा असलं लिहू नका, प्रत्येक नव्या कामापुढं पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च आणि तो कुठल्या हेडमधनं द्यायचा एवढा एक रकाना मागा. आणि ज्यांना रमणमळा, नागाळा पार्क, बापट कॅम्पच्या बाजूला फ्लॅट नाहीतर गाळा घ्यायचाय त्यांनी एजंटचं ऐकू नका, नगररचना विभागात जाऊन त्या गट नंबरावर निळी रेषा कुठनं जाते ती बघा, आणि येताना तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ ला पाणी शटरच्या कितव्या पट्टीला होतं, तो बोट ठेवून दाखवेल.